फोन डिकीत होता, मग चलन कशाचं?

वाचकाचं पत्र (नाव आणि ऑफिसचे तपशील काढून, थोडक्यात):

ताई, मी ३१ वर्षांची आहे, पुण्यात सिंहगड रोडला राहते, ऑफिस कल्याणीनगरला. रोज सकाळी साडेनऊला आमच्या टीमची पंधरा मिनिटांची मीटिंग असते आणि नेमकी त्याच वेळी मी गाडीवर असते, कारण मुलाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवल्याशिवाय मला निघता येत नाही. वर्षभर झालं, हेल्मेटच्या आत कानात बड्स घालून मी मीटिंग ऐकते. म्यूटवर असते, माझं नाव आलं की बड दाबून दोन वाक्यं बोलते, परत म्यूट. गेल्या आठवड्यात एका चौकात पोलिसांनी थांबवलं आणि मोबाईल वापरल्याचं हजार रुपयांचं चलन केलं. फोन डिकीत होता, दोन्ही हात हँडलवर होते! बंदी हातात फोन धरायला आहे ना, कानात काही घालायला कुठे आहे? नवरा म्हणतो एकच बड घाल, एक कान मोकळा ठेवला की झालं. सासूबाई म्हणतात नोकरी सोड. मध्ये एकदा दांडेकर पुलापाशी मागे ॲम्ब्युलन्स होती ती मला कळली नाही, शेजारच्या गाडीवरच्या काकांनी हात करून सांगितलं, पण एवढ्या गर्दीत ते कोणाचंही होऊ शकतं. तर चलन भरू का तक्रार करू? आणि एक बड चालेल का?

*

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मूळ पत्रात चलनाबद्दल जवळजवळ दीड पान आहे आणि ॲम्ब्युलन्सबद्दल दोन ओळी, आणि त्या दोन ओळी संपता संपता "कोणाचंही होऊ शकतं" असं लिहून तू पुढे गेलीस. मी मात्र तिथेच थांबले. पण तू विचारलंयस चलनाचं, तर आधी ते बोलू.

कायद्याच्या शब्दावर बोट ठेवलं तर तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं. २०१९ मध्ये कायद्यात मोठे बदल झाले तेव्हा या कलमात धोकादायक म्हणजे नेमकं काय काय याची यादीच दिली, सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने गाडी घालणं, आणि गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं. पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पुढे ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमांत असंही आलं की हातातलं साधन वापरायचंच तर फक्त रस्ता शोधायला, आणि तेही चालवणाऱ्याचं लक्ष ढळणार नाही अशा पद्धतीने. म्हणजे या यादीत शब्द "हातात धरायचं" असाच आहे, इअरफोन किंवा बड्सचं नाव तिथे नाही, हे तू बरोबर वाचलंयस.

पण त्याच यादीतला शेवटचा मुद्दा पण वाच. एखाद्या कुशल आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते त्याच्या कितीतरी खालच्या दर्जाचं आणि धोका उघड दिसत असताना केलेलं ड्रायव्हिंग, तेही धोकादायकच. आणि आता तुझ्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेव. एकीकडे लिहिलंयस "दोन्ही हात हँडलवर होते", दुसरीकडे "नाव आलं की बड दाबून बोलते". बड हेल्मेटच्या आत आहे, म्हणजे दाबायला काच वर करून बोट आत घालावं लागतं, म्हणजे चालू गाडीवर, सकाळच्या गर्दीत, एक हात कानाशी. मला वाटतं पोलिसांना तेच दिसलं असणार, नाहीतर हेल्मेटच्या आतला बड बाहेरून कोणाला दिसतो?

तक्रार करायची असेल तर कर, तो तुझा हक्क आहे, महाट्रॅफिक ॲपवर चलनाबद्दल तक्रार नोंदवायची सोय आहे, आधी चलनावर कुठलं कलम लावलंय आणि फोटो काय जोडलाय ते नीट बघ. पण मला विचारशील तर मी म्हणेन भरून टाक. तुझी बाजू कच्ची आहे म्हणून म्हणत नाहीये. भीती ही वाटते की उद्या समजा ते चलन रद्द झालंच तर तुझ्या मनात एवढंच राहील की आपण करतो ते चालतं, आणि मग ते पुढची पाच वर्षं चालू राहील.

आणि चलन हा कायद्याचा सगळ्यात छोटा भाग आहे हे पण लक्षात घे. काही झालंच तर प्रकरण भारतीय न्याय संहितेत जातं, १ जुलै २०२४ पासून तीच लागू आहे, तिथे निष्काळजीपणे गाडी चालवण्याचं कलम २८१ आहे आणि निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला तर कलम १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे मुद्दा निष्काळजीपणाचा असतो, फोन हातात होता का डिकीत होता एवढ्यावर कोणी सुटत नाही. आणि दुसऱ्याच्या चुकीने तुला लागलं, तरी भरपाईच्या दाव्यात तुझाही निष्काळजीपणा दिसला तर तुझ्या हक्काच्या रकमेतून तेवढा वाटा कापला जाऊ शकतो.

बाहेरच्या देशांत काय आहे ते पण सांगते, कारण "एक बड चालेल का" याचं उत्तर तिथे दोन्ही प्रकारचं सापडतं. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून गाडी चालवताना कानात काहीही घालायला बंदी केली, एका कानात सुद्धा नाही, सायकलवाल्यांना सुद्धा नाही, दंड १३५ युरो, हेल्मेटमध्येच बसवलेले स्पीकर तेवढे चालतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकायला मनाई, एक मोकळा असेल तर चालतं. ब्रिटनमध्ये हेडफोनसाठी वेगळा कायदाच नाही, पण त्यामुळे लक्ष उडून गाडी वेडीवाकडी चालवलीत तर निष्काळजी ड्रायव्हिंगचा गुन्हा लागतो. म्हणजे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं कॅलिफोर्नियात बसतं, फ्रान्समध्ये बसत नाही. त्यामुळे हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सोडवायच्या नादाला लागू नकोस, कानाला विचार.

कानाला विचार म्हणजे खरंच विचार. तुझं पत्र आल्यावर मी भाच्याला घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर गेले, रस्त्यापासून आत, भिंतीला टेकून उभी राहिले, डोळे मिटले आणि गाडी कुठून येतीये तिकडे बोट दाखवायला लागले, तो बरोबर का चूक सांगायला शेजारी उभा. दोन्ही कान उघडे होते तेव्हा दहापैकी नऊ वेळा बरोबर. मग उजवा कान बोटाने घट्ट बंद केला. गाड्या ऐकू येत होत्या, अगदी व्यवस्थित ऐकू येत होत्या, पण सगळ्या डावीकडूनच येताहेत असं वाटायला लागलं, उजवीकडून रिक्षा आली तर मी डावीकडे बोट केलं आणि भाचा ओरडला "मावशी, उलटं!" घरातल्या कोणाला तरी शेजारी उभं करून तू आणि तुझा नवरा हे करून बघा.

असं का होतं तर आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो, जवळच्या कानात आवाज आधी पोचतो, लांबच्या कानात किंचित उशिरा, तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो पण मेंदूला तेवढा पुरतो. एक कान बुजवला की ती तुलनाच संपते. म्हणून एक बड घातल्यावर तुला आवाज कळेल, पण दिशा नीट कळणार नाही, आणि टू-व्हीलरवर मागून येणाऱ्या गाडीचा आवाज आला पण बाजू कळली नाही तर माणूस नेमकं चुकीच्या बाजूला सरकतो.

त्यात तुझे बड्स बाहेरचा आवाज कापणारे असतील तर अजून वाईट. ते तंत्र एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर सगळ्यात चांगली कापतं, इंजिनाची, टायरची. आणि ती घरघर म्हणजेच मागून जवळ येणारी बस असते गं. वर हेल्मेट, हेल्मेटच्या आत स्कार्फ, स्कार्फच्या आत रबरी टोकाचा बड, आणि बाहेर पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस, ज्या २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर आहेत आणि ज्यांना डिझेल बससारखा घुर्र आवाजच नाही, इलेक्ट्रिक स्कूटरचं पण तेच. पूर्वी बस मागे आली की पाठीला कळायचं, आता जे थोडंफार ऐकू येतं ते पण आपण कान बुजवून घालवतोय.

आता हे कानाचं झालं. डोक्याचं वेगळंच आहे, आणि तुझ्या बाबतीत मला ते जास्त गंभीर वाटतं.

"फोन हातात नाही म्हणजे धोका नाही" हे तू गृहीत धरलंयस, जवळजवळ सगळेच धरतात. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो, आणि हात मोकळे ठेवून बोललं म्हणून तो फारसा कमी होत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात यावर बरंच काम झालंय, तिथे लोकांना खोट्या गाडीत बसवून, समोर पडद्यावर रस्ता दाखवून, हँड्सफ्रीवर बोलायला लावलं आणि त्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. नजर बरोबर जात होती, पाट्यांवर, वस्तूंवर, पण नंतर विचारलं तर त्यांना त्यातलं बरंच आठवतच नव्हतं, म्हणजे बघितलं पण दिसलं नाही. नुसतं गाणं ऐकण्यात मन एवढं गुंतत नाही हे पण खरं आहे, ते मी प्रामाणिकपणे सांगते (कानाचा प्रश्न तिथेही उरतोच). पण तुझी मीटिंग म्हणजे गाणं नाहीये. पंधरा मिनिटं तुझं नाव कधी येईल यावर तुझं अर्धं डोकं लागलेलं असतं, म्यूटवर असलीस तरी. आणि नाव आल्यावरची दोन वाक्यं म्हणजे सहा सेकंद धरूया, ताशी ४० ने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे तेवढ्यात तू पासष्ट-सत्तर मीटर गेलेली असतेस, एक हात कानाशी आणि डोकं कल्याणीनगरला.

मागे बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं असतं. नवरा मागे असेल आणि समोर रिक्षाने कट मारला तर तो आपोआप गप्प होतो, उलट "अगं बघ बघ" म्हणतो. मीटिंगमधल्या माणसाला तुझ्यासमोर काय आलंय ते दिसतच नाही, तो बोलत राहतो, त्याचा काही दोष नाही त्यात.

आता ॲम्ब्युलन्स. सकाळी सव्वानऊ-साडेनऊचा दांडेकर पूल तुला मी सांगायला नको, पर्वतीकडून, दत्तवाडीकडून, सगळीकडून गाड्या येऊन चिकटलेल्या असतात, ॲम्ब्युलन्सला वाट मिळते ती इंच इंच करून, पुढचा सरकला की मागचा. त्या साखळीत तू एक कडी होतीस आणि तेवढा वेळ ती कडी बहिरी होती. काकांनी हात केला म्हणून कळलं, पण त्याआधी ती किती वेळ मागे वाजत होती हे तुला माहीत नाही, माहीत असायचं कारणच नाही. कायद्यात याला वेगळं कलम आहे, १९४-ई, ॲम्ब्युलन्स किंवा फायर ब्रिगेडला वाट न देणाऱ्याला १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, म्हणजे तुझ्या चलनाच्या दहापट. तुला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. तू पत्रात ते लिहिलंस म्हणजे ते तुला टोचलंय, "कोणाचंही होऊ शकतं" हे तू स्वतःला समजवायला लिहिलंयस असं मला वाटलं. खरंच वाटलं ते सांगितलं, राग मानू नकोस. पण कोणाचंही होऊ शकतं हे तितकंसं खरं नाही, त्या काकांना ऐकू आलं होतं.

बरं, आता करायचं काय.

तुझ्या घरात तीन पर्याय फिरताहेत. तुझा पर्याय कायद्यात पळवाट बघायचा, नवऱ्याचा एका बडचा, सासूबाईंचा नोकरी सोडायचा. सासूबाईंचा उपाय बाजूला ठेव पण त्यांची भीती बाजूला ठेवू नकोस, रोज तू पोचेपर्यंत त्यांचा जीव वरखाली होत असणार. पण गंमत नाही, खरंच बघ, या तिन्ही पर्यायांत साडेनऊची वेळ कोणीच हलवत नाहीये. शाळेची व्हॅन हलू शकत नाही, सिंहगड रोडचं ट्रॅफिक हलू शकत नाही, पण पंधरा मिनिटांची मीटिंग हलू शकते. पत्रात तू कुठेच लिहिलं नाहीयेस की तू मॅनेजरला विचारलंस आणि ते नाही म्हणाले. किंबहुना वर्षभर तू गाडीवरून बोलतीयेस हे त्यांना माहीत तरी आहे का? मला शंका आहे, कारण म्यूटवर सगळं शांतच असतं.

बायका हे का विचारत नाहीत ते मला कळतं. "मुलाचं कारण पुढे करते" हा शिक्का नको असतो. मग मुलाचं नाव न काढता लिही, त्यात खोटं काही नाहीये. साधंच लिही, "साडेनऊला मी टू-व्हीलरवर असते, गाडी चालवताना मीटिंग घेणं सुरक्षित नाही आणि मला त्यासाठी चलनही झालंय, तर मीटिंग सव्वादहाला घेता येईल का, नाही जमलं तर मी रोज सव्वानऊपर्यंत माझं अपडेट ग्रुपवर लिहून टाकीन." हे लेखी पाठव, तोंडी नको. लेखी आलं की त्यावर "नाही, गाडीवरूनच बोला" असं उत्तर लिहायला कोणीही दहा वेळा विचार करेल. आणि टीममधे तू एकटीच आहेस असं समजू नकोस, अजून दोघं-तिघं तसेच गाडीवर असतील.

तोवर काय? एक म्हणजे व्हॅन गेल्यावर लगेच निघायचं नाही, साडेनऊची मीटिंग खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसून, इंजिन बंद ठेवून संपवायची आणि मग निघायचं, पाऊण तास उशीर होईल, तो आठवडाभर मॅनेजरला आधीच सांगून घे. दुसरं म्हणजे मेट्रो. तू लिहिलं नाहीस पण विचार केला असशील आणि "बदलाबदली कोण करणार" म्हणून सोडला असशील. स्वारगेटपर्यंत मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, सिव्हिल कोर्टला बदललीस की रामवाडीकडे जाणारी लाईन कल्याणीनगरला सोडते. स्वारगेटपर्यंत बस नाहीतर गाडी. मेट्रोत बसून दोन्ही कानात बड्स घाल, सगळी मीटिंग ऐक, कोणाला काही त्रास नाही. रोज नको, आठवड्यातून ज्या दिवशी तुला जास्त बोलायचं असतं त्या दोन दिवशी करून बघ.

मध्ये एखादा फोन घ्यावाच लागला तर पेट्रोल पंपाच्या आवारात नाही, पुलावर नाही, फुटपाथला चिकटून तर अजिबात नाही, एखाद्या सोसायटीच्या गेटशी किंवा आतल्या गल्लीत गाडी स्टँडवर लावून, हेल्मेट काढून. हेल्मेट काढायला लागलं की निम्मे फोन आपोआप नंतरवर जातात, हा माझा अनुभव आहे.

हे पत्र छापताना मला आणखी काही लोक डोळ्यासमोर होते. डिलिव्हरी करणारी मुलं, ज्यांना मॅप ऐकावाच लागतो आणि कस्टमर सारखा फोन करतो. त्यांना "बड काढ" एवढं सांगून भागत नाही. मॅपसाठी फोन हँडलला होल्डरमध्ये लावा, पत्ता निघण्याआधी एकदा पूर्ण बघून घ्या, आणि फोन घ्यायचा तो थांबूनच. आणि आपण जे ऑर्डर देऊन दर दोन मिनिटांनी "कुठपर्यंत आलास" विचारतो, त्यांनी तेवढं थांबवलं तर त्या मुलांच्या कानातली अर्धी गरज संपेल. तसंच घरच्यांचं. आया, नवरे, बायका, सगळ्यांना सांगणं आहे की फोन उचलल्यावर मागे गाड्यांचा आवाज आला तर "पोचल्यावर कर" म्हणून लगेच ठेवा, बोलणं लांबवू नका. चारचाकीवाल्यांनो, तुमच्या गाडीला स्पीकर आहे, रस्त्याची सूचना त्यावर ऐका, कानात घालायची काही गरज नाही. आणि बहुतेक स्मार्टफोनमध्ये गाडी चालवताना कॉल आणि मेसेज शांत करायची सोय असते, ती एकदा चालू करून ठेवली की समोरच्याला आपोआप कळवता येतं.

चलन या आठवड्यात निकालात काढ, भर नाहीतर तक्रार कर पण लोंबकळत ठेवू नकोस. मॅनेजरला ते चार ओळींचं आजच लिही. आणि सोमवारी बड्स फोनबरोबर डिकीत टाकून नीघ, दांडेकर पुलाच्या सिग्नलला थांबशील तेव्हा मान न वळवता मागून काय काय आणि कुठल्या बाजूने ऐकू येतंय ते मोज, आणि मला कळव.